हातातून न निघणारी बांगडी

माझे नाव वसंत रामचंद्र पेडणेकर. वय एकोणऐंशी पूर्ण. शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढील सर्व ग्रंथालयात. लालबागच्या एका गिरणीत मी फिटर होतो. गिरणी बंद पडली, वाचन बंद पडले नाही.

जेड हा हिरवा, मौल्यवान दगड कापताना त्याचा करडा गाळ बादलीच्या तळाशी साचतो. रोज थोडा साचतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एके दिवशी बादली उचलत नाही. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचेही तसेच झाले आहे. थोडे उपसून ठेवावेत, इतकाच हेतू.

मंडळ चौघांचे. फणसवाडीतील भाई विजयकर हे निवृत्त आर्किटेक्ट. डॉक्टर नाडकर्णी हे निवृत्त दंतवैद्य. माझ्या चाळीतील कुसुमताई गावकर शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. चौथा मी. बैठक भाईंच्या स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, म्हणजे खरे पाहता सुमनवहिनींच्या गॅलरीत. नळ तिथे, मोरी तिथे, आणि परवानगी वहिनींची.

भाईंनी ऑफिस बंद केल्यावर त्यांचे बोलणेही बंद होत आले होते. सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत त्याच पानावर उघडे असे. अशा वेळी डॉक्टरांनी कॅनडातील मुलीकडून आलेला जेडचा एक ओबडधोबड तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "भाई, हा दगड फार हट्टी असतो म्हणतात. बघा तुमच्याच्याने काही होतंय का."

भाई दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "पेडणेकर, मोटर आहे का हो कुठे?"

*

मोटर वहिनींच्या बाद झालेल्या वॉशिंग मशीनची निघाली. तिला मी दोन चाके बसविली. एकावर घासण्यासाठी कुरुंदाचा खरखरीत कागद, दुसऱ्यावर चामडे.

जेडला हिऱ्यासारखे पैलू पाडीत नाहीत. त्याला फक्त घासावयाचे असते. जाड्याभरड्या कागदापासून अतिसूक्ष्म कागदापर्यंत, आणि शेवटी चामड्यावर हिरवी पूड लावून जिल्हई, म्हणजे चकाकी, द्यावयाची. मधली एक पायरी गाळली की दगडाच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे राहतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही ती पहिल्यापासूनची सुरुवात इतक्या वेळा केली की पहिला खडा तयार होईपर्यंत दोन सण उलटले. भाईंनी तो रेशमी रुमालावर ठेवून वहिनींना दाखविला. अंगठ्याच्या नखाएवढा होता.

वहिनींनी तो उजेडात धरला, परत रुमालावर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढं घासायचंच होतं, तर घरात तांब्याची भांडी काय कमी होती?"

*

त्यानंतर मंडळाला परीक्षेचे वेड लागले. हिरवे दिसते ते सर्व जेड नसते, हे मी ग्रंथांतून वाचून काढले होते. रस्त्यावर जे 'इंडियन जेड' म्हणून विकतात ते बहुधा गारगोटीच्या कुळातले असते. खऱ्या जेडवर पोलादी सुरी चालत नाही. दोऱ्याला टांगून टिचकी मारली तर ते घंटेसारखे वाजते. पाण्यात वजन केले तर काचेहून भारी भरते. हे मी एका बैठकीत व्यवस्थित समजावून सांगितले.

कुसुमताई उठून पिशवीतून हिरवा गणपती घेऊन आल्या. भाच्याने परदेशातून आणला होता. जेड म्हणूनच.

"नको, ताई," मी म्हणालो. "मूर्तीवर सुरी लावणे प्रशस्त नव्हे."

"पाठीमागसून लावा. थय कोण बघता?"

भाईंनी पाठीमागून सुरी लावली. पांढरा शुभ्र ओरखडा उमटला. कुसुमताईंनी तो बोटाने पुसून पाहिला, गेला नाही.

मग त्या म्हणाल्या, "भाच्याक मी काय्येक सांगूचंय नाय. पण गणपतीक कोण सांगतलो?"

*

सुरी तिथेच थांबली असती तर पुढचे काही घडले नसते. परंतु भाईंची नजर वहिनींच्या हाताकडे गेली.

वहिनींच्या डाव्या हातात एक हिरवी, अखंड दगडी बांगडी. भाईंच्या आईचे बालपण रंगूनला गेले. तिथे तिच्या वडिलांनी ती घेतली होती. लग्नानंतर सासूबाईंनी साबण लावून ती सुनेच्या हातात चढविली. पुढे हात भरला आणि बांगडी पुन्हा कधी निघाली नाही.

भाईंनी भिंग लावून ती पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाने म्हणाले, "सुमन, रंग फार एकसारखा आहे गं. मला ही काच वाटते."

वहिनी पोळी लाटीत होत्या. लाटणे थांबले.

"म्हणजे सासूबाई खोटं बोलल्या?"

"तिला कोणीतरी फसवलं असेल."

"त्या मला म्हणाल्या, ही खरी आहे, जप. मी जपली. तुमच्या आईच्या शब्दावर जपली. आणि आता तुम्ही मला सांगता काच?"

भाईंनी मदतीसाठी आमच्याकडे पाहिले. डॉक्टरांना एकाएकी मोटरमध्ये काहीतरी बिघाड दिसला.

*

सत्य काय ते ठरवून टाकावे, असा मी प्रस्ताव मांडला. अडचण अशी की प्रत्येक परीक्षेला बांगडी हातातून निघावयास हवी. सुरी लावू देण्यास वहिनींचा नकार. मनगटावर असताना टिचकी मारली तर घंटेसारखे काही वाजत नाही, दारावर थाप मारल्यासारखे वाजते. राहिले पाण्यातील वजन.

डॉक्टर विचारपूर्वक म्हणाले, "हातासकट करता येईल. मग नुसत्या हाताचं करायचं आणि वजा करायचं."

"नुसता हात कसा करणार?" मी विचारले.

"तीच एक स्टेप राहते खरी."

वहिनींनी हे सर्व ऐकले. पदराला हात पुसून त्या गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावोजी, डॉक्टर, कुसुमताई, तुमच्यावर माझा राग नाही. चहाला कधीही या. पण हे जोवर शब्द मागे घेत नाहीत, तोवर माझ्या गॅलरीत दगड घासायचा नाही."

भाई आयुष्यात कधी मनात नसलेला शब्द बोललेले नाहीत. बिल्डरांशीसुद्धा नाही. ते म्हणाले, "सुमन, खात्री नसताना मी खरी कशी म्हणू?"

"मग खोटी तरी खात्रीनं कशी म्हणालात?"

त्याच दिवशी मोटर टॅक्सीत घालून आम्ही बाहेर पडलो.

*

प्रथम डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात गेलो. खुर्ची अद्याप जागेवर होती, पाटीही काढावयाची राहिली होती. आतल्या खोलीत चाक सुरू केले. जेडवर चाक फिरते तेव्हा जो आवाज निघतो, तो दंतवैद्याकडे गेलेल्या कोणालाही परिचित वाटेल.

पाणी आणण्यासाठी मी बाहेर आलो, तर बाकावर एक गृहस्थ गाल धरून बसले होते. माझ्या अंगात करड्या गाळाने माखलेला एप्रन, हात कोपरापर्यंत हिरवे, कपाळावर चष्मा.

ते उभे राहिले. "डॉक्टर आहेत?"

"आहेत. परंतु सध्या त्यांनी एक मोठा तुकडा धरला आहे. तो सुटेपर्यंत बसावे लागेल."

"नाही, राहू द्या," ते म्हणाले. "आता बरंच बरं वाटतंय." आणि जिना उतरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या घरमालकाने पाटी काढण्यास सांगितले आणि आम्हालाही निघण्यास.

*

मग माझी लालबागची खोली. तिथे चामड्याचे चाक गॅलरीत मांडणे भाग पडले. आमच्या चाळीत गॅलरी सर्वांची. त्या दिवशी शेजारच्या राणेवहिनींचे पापड तिथेच वाळत होते.

जिल्हईची हिरवी पूड अतिशय बारीक असते. वाऱ्याचा मी पुरेसा विचार केला होता, परंतु वाऱ्याने तो मानला नाही. अर्ध्या तासात चादरीवरील सर्व पापड पोपटी झाले.

राणेवहिनी बाहेर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, "पेडणेकर, हे पापड आता तुमचे. माझे मला उद्या लाटून द्या."

दुसऱ्या दिवशी निवृत्त आर्किटेक्ट, निवृत्त दंतवैद्य, निवृत्त फिटर आणि निवृत्त प्रयोगशाळा सहायिका राणेवहिनींच्या खोलीत मांडी घालून पापड लाटीत बसले. भाईंचे पापड कंपासने आखल्यासारखे गोल येत होते. डॉक्टरांचे सर्वांत पातळ. माझ्या पापडांविषयी राणेवहिनींनी विचारले, "हे कुठल्या ग्रंथात वाचलंत?"

भाई मात्र दिवसभर एकदाही हसले नाहीत. जाताना कुसुमताई मला म्हणाल्या, "ह्यो माणूस परत पयल्यासारखो गप होतलो हां. बघा तुमी."

*

कुसुमताईंचे म्हणणे खरे ठरू लागले. भाई माझ्या खोलीवर बैठकीला येत, खडा हातात धरीत आणि चाकाला न लावताच खाली ठेवीत. वर्तमानपत्र पुन्हा एकाच पानावर राहू लागले, हे वहिनींनीच सांगितले.

मी मध्यस्थीस गेलो. प्रस्तावना घरूनच तयार केली होती. "वहिनी, शास्त्राच्या दृष्टीने संशय हा अनादर नव्हे. किंबहुना..."

"भावोजी, साखर किती?"

"एक चमचा. किंबहुना, संशयातूनच..."

"त्यांना जेवण जात नाही, ते मला दिसतं," वहिनी म्हणाल्या. "मला बरं वाटतं का ते बघून? पण मी आज गॅलरीला हो म्हटलं, तर उद्या हातातली ही बांगडी मला काच वाटायला लागेल. सासूबाईंची दुसरी काही वस्तू माझ्याकडे नाही."

उरलेली प्रस्तावना मी चहाबरोबर गिळली. 

*

आता शेवटचा किस्सा.

गणपतीच्या आधीची आवराआवर. माळ्यावरून घागर काढताना वहिनी स्टुलावरून पडल्या आणि डावे मनगट मोडले. आम्ही पोहोचलो तेव्हा गिरगावातील एका लहानशा नर्सिंग होममध्ये त्यांना खाटेवर निजविले होते. हात सुजून बांगडी मांसात रुतली होती. बोटे निळसर दिसत होती.

तरुण डॉक्टर म्हणाले, "काकू, बांगडी काढावीच लागेल. बोटांचं ब्लड सर्क्युलेशन थांबतंय."

अंगठ्या कापावयाची लहान पोलादी करवत त्यांनी आणली. मनगट आणि बांगडी यांच्यामध्ये पातळ पत्रा सरकविला आणि करवत चालविली. करवत घसरली. पुन्हा चालविली, पुन्हा घसरली. त्यांनी पाते उचलून पाहिले. दात गुळगुळीत झाले होते.

भाई पुढे झाले. खिशातून भिंग काढून त्यांनी करवत फिरली ती जागा पाहिली.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले.

"हातोडीनं फोडावी लागेल," तरुण डॉक्टर म्हणाले.

"हातोडी लावायची नाही," वहिनी म्हणाल्या. वेदनेने त्यांचा आवाज बारीक झाला होता, परंतु त्या डॉक्टरांशी बोलत नव्हत्या. त्या भाईंकडे पाहत होत्या. "आधी हे काय ते बोलू देत."

"काकू, वेळ नाहीये."

"त्यांना सांगा वेळ नाहीये."

भाईंनी भिंग खाली घेतले. ते खाटेजवळ वाकले. "खरी आहे, सुमन. आई खरं बोलली होती."

वहिनींनी डोळे मिटले. मग हात पुढे केला. "आता कापा. पण तुम्ही कापा."

करवत पहिल्यांदा घसरताच नाडकर्णी निघाले होते; तोवर ते जवळच्या आपल्या जुन्या दवाखान्यातून दात कोरायचे यंत्र आणि हिऱ्याची पातळ चकती घेऊन आले. तरुण डॉक्टरांनी त्यांना ओळखले. लहानपणी त्यांचे दात नाडकर्णींनीच भरले होते, म्हणून परवानगी मिळाली. यंत्र भाईंच्या हातात, भाईंचे मनगट नाडकर्णींच्या हातात, आणि सिरिंजने थेंबथेंब पाणी सोडण्याचे काम माझ्याकडे. कुसुमताई वहिनींच्या उशाशी.

"दुखता काय गो?"

"पाणी गार लागतंय. बरं वाटतंय."

चकती हळूहळू उतरत होती. चादरीवर पांढरट गाळ पसरला. एक काप पूर्ण झाला, मग समोरच्या बाजूला दुसरा. बांगडी दोन अर्धुकांत सुटली. बोटांत रंग परत येताना आम्ही सर्वांनी पाहिले. तरुण डॉक्टर प्लास्टरची तयारी करण्यासाठी बाहेर गेले.

भाईंनी एक अर्धुक उचलले. कापलेली बाजू त्यांनी पुसली आणि ती उजेडात पाहण्यासाठी खिडकीशी गेले. रंग आतपर्यंत उतरलेला आहे की वरवरचा, हे पाहणे आवश्यकच होते. रंग आरपार होता. नाडकर्णींनी दुसरे अर्धुक घेतले. काचेत असतो तसा बुडबुडा कुठेही नव्हता. मी म्हणालो की तंतूंची वीण स्पष्ट दिसते आहे, आणि भाईंच्या हातून भिंग घेतले. नाडकर्णींचे मत वेगळे पडले. मी त्यांना ग्रंथातील उतारा सांगितला. भाई म्हणाले, थांबा, तिरप्या उजेडात धरू.

तरुण डॉक्टर प्लास्टर घेऊन परतले तेव्हा तिघेही म्हातारे खाटेकडे पाठ करून खिडकीत उभे होते आणि वाद रंगात आला होता.

पाठीमागून वहिनींचा आवाज आला. "कुसुमताई, त्या तिघांना विचारा, मोडलेला हात बघायला कोणी मोकळं आहे का."

*

त्यानंतर सोनाराने बांगडीची दोन्ही अर्धुके एका बाजूला चांदीच्या बिजागरीने आणि दुसऱ्या बाजूला कडीने जोडली. वहिनी ती आता रात्री काढून ठेवतात. मोटर पुन्हा गॅलरीत आहे. भाई घरातील कोणत्याही वस्तूची परीक्षा करीत नाहीत.