डॉक्टरांना न सांगितलेली बहीण

शहाद्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाचं वजन जास्त आहे? आजी-आजोबा, काका, आत्या?"

मी म्हणालो, "नाही. आमच्याकडे सगळे सडपातळ. हिच्या आईच्या माहेरी कोणी असेल तर माहीत नाही."

बायको शेजारीच बसली होती. तिच्या माहेरची माणसं उसासारखी सरळ आणि बारीक आहेत, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती भिंतीकडे बघत राहिली. चौदा वर्षांची आमची मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. तिची फुई, म्हणजे माझी थोरली बहीण, दारातून आत येताना थोडी तिरकी होते. मुलगी तिचाच चेहरा आणि तिचाच बांधा घेऊन जन्माला आलेली. डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला आणि आम्ही आमच्या गावी, कळसाडीला परतलो.

त्या दिवसापासून मुलीनं माझ्यासमोर जेवणं बंद केलं. ताट घेऊन आत ओट्याजवळ जायची. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो, की घास हातातच थांबायचा. माझी पोर मला भिऊन जेवत होती.

ती भीती एका दिवसात आलेली नव्हती. कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्या ओसरीत असतो. हंगाम संपला, तरी दर रविवारी सकाळी मी मुलीला त्यावर उभं करायचो. आकडा खाली आला नाही की विचारायचो, "मैत्रिणीकडे काय खाल्लंस?" फरसाणाचा डबा मी कुलपात टाकला होता. ती दोन भाकरी खायची. मी चार खाऊन वर भात घ्यायचो, आणि माझ्या सपाट पोटाचं श्रेय माझ्या शिस्तीला द्यायचो. रोज सकाळी शेताला फेरी मारतो, म्हणून. ती फेरी मी मोटरसायकलवर मारतो, हे माझ्या कधी मनात आलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस राहिले होते. रविवारी सकाळी मुलगी काट्यावर उभी होती, मी वाकून आकडा बघत होतो, आणि धानोऱ्याहून सणाला आलेली बहीण पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"हाई काय रे भाऊ? कापूस सरना, आते पोर मोजी ऱ्हायना का?"

"तसं नाही जिजी. डॉक्टरकडे दाखवून आणलं तिला."

"मंग? काय म्हनना डॉक्टर?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. "डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कोणाचं वजन जास्त आहे. पप्पा म्हणाले, कोणाचंच नाही."

"कोनंच नही?" जिजीनं पिशवी खाली ठेवली. "म्हंजे मी तुन्ही कोनीच नही का रे?"

आणि ती हसली. पण हसण्याआधी क्षणभर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. कारण हे दुसऱ्यांदा घडत होतं. कॉलेजात असताना मित्र घरी आले होते, तिनं त्यांना चहा दिला होता, आणि ही माझी बहीण असं सांगायचं मी टाळलं होतं.

"उतर बेटा," असं म्हणून जिजी स्वतःच काट्यावर चढली. "वाच."

मी पुटपुटलो.

"मोठ्यानं वाच! गल्लीले समजू दे."

मी मोठ्यानं वाचलं. मुलगी खळखळून हसली. कित्येक महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

"आते तू चढ," जिजी म्हणाली. "चार भाकरी खास ना? त्या कथा जातस, ते इचार डॉक्टरले. उद्या मी बी येसू." मी काट्यावर चढलो; माझ्या चार भाकरी जातात कुठे, हे तिला डॉक्टरांकडूनच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं शहाद्याला गेलो. मी बसायच्या आधीच सांगितलं, "मागच्या वेळी मी खोटं बोललो." डॉक्टरांनी जिजीकडे पाहिलं आणि आमच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायला कोरा कागद पुढे ओढला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याचं वजन जास्त, तो आतून भरायचा. जिजी झाली. माझे वडील झाले. माझी आजी झाली.

"मुंबईचे काका राहिले, पप्पा," मुलगी म्हणाली. म्हणजे माझा भाऊ. तोही झाला.

बायको कागदावर वाकली. "अहो, माझ्या माहेरची बाजू तर कोरीच राहिली की!"

डॉक्टर म्हणाले, उंची जशी घराण्यातून येते, तशी भुकेची आणि चरबी साठवायची ठेवणही बरीचशी येते. त्यामागे एखादंच जनुक क्वचित असतं, बहुधा अनेक असतात, प्रत्येक थोडं थोडं ढकलणारं. पोट भरल्याचा निरोप कोणाच्या मेंदूला लवकर पोहोचतो, कोणाच्या उशिरा. उपास करून वजन उतरवलं, तर शरीर भूक वाढवून ते परत मागतं. म्हणून सगळं हातातून गेलं असं नाही. चालणं, पुरेशी झोप, घरचं जेवण, वेळच्या वेळी साखर तपासणं, हे करायचंच, आणि सगळ्या घरानं करायचं.

"आणि मी एवढं खाऊन बारीक कसा?" मी विचारलं.

"नशीब," डॉक्टर म्हणाले. "तुमचं त्यात कर्तृत्व फारसं नाही."

जिजी एवढी हसली की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावून गेली.

आखाजीच्या दुपारी मांडे आणि आंब्याचा रस होता. मी पानावर बसलो. मुलगी ताट घेऊन नेहमीसारखी आत वळली, थांबली, आणि फुईच्या शेजारी, माझ्या अगदी समोर येऊन बसली. मी मान खाली घालून जेवू लागलो. तिनं मांडा मोडला, रसात बुडवला. दुसऱ्यांदा रस घेतला.

"पप्पा, बघू नका."

"मी कुठे..." एवढं बोललो आणि थांबलो. "हो. बघत होतो. चुकलं."

"मग रस वाढा," असं म्हणून तिनं वाटी पुढे केली.