डावी सीट

बाबांची छोटी इटालियन गाडी टिकवायची तर आधी तळाचा गंज खरडायला हवा, म्हणून मी पुढची डावी सीट काढली. परत ठेवली, बोल्ट लावायचे विसरलो आणि ऐटीत टेकलो, तो थेट मागे आडवा! फाटक्या फोममधून खर्ऱ्याचा, त्या घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, वास आला. आमच्याकडे खर्रा खायचे ते फक्त मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. त्यांची तेरवी आटोपून आम्ही कोंढ्याहून जवाहरनगरला परतत होतो. भर दुपार होती. तलावाच्या पाळीवर, जिथे ते नेहमी आमची वाट पाहत उभे असायचे, तिथे बाबांनी गाडी थांबवली आणि डावं दार उघडलं.

"बस ना, दादा."

आई आणि मी मागे बसलो होतो. रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली आणि सीट हळूच दबली. तेव्हा मी मोठेबाबांना घाबरलो होतो. आता बाबांच्या तेव्हाच्या वयाला पोचल्यावर त्यांच्या त्या आर्जवी आवाजाचीच जास्त भीती वाटते.

सीटवाला म्हणतो, फोम बदला. म्हणजे वासही जाणार. बायकोला विचारलं. तिने वाकून वास घेतला.

"राहू द्या जुनाच. मी मांगंच बसन. पन पहिले बोल्ट लावा. तुमचं जाऊ द्या, मोठेबाबा पडले म्हंजे?"