टक् झाल्याशिवाय पुढे नाही

काका छापखान्याची प्रूफं तपासायचे आणि काकू त्यांना घरी मूळ प्रत वाचून दाखवायची. तीही कशी, तर ‘राजा स्वल्पविराम प्रधान स्वल्पविराम’ अशी, सपाट आवाजात. परिच्छेद संपला की काका टेबलावर पेन्सिलीने टक् करायचे. म्हणजे जुळलं, पुढे चल. त्याशिवाय काकू पुढे सरकत नसे. शेकडो पुस्तकं तिच्या तोंडातून गेली, डोक्यात एकही शिरलं नाही. “मी काय, नळ,” ती म्हणायची.

मग काकांना पक्षाघात झाला. वाचा गेली, एक बोट तेवढं हलायचं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी वाचून दाखवत जा. काकूला मोतीबिंदू, म्हणून मी माझ्या मुलीचं ठळक अक्षरांचं पुस्तक नेऊन दिलं. त्यात एका मुलीची सावली चोरीला जाते आणि एक म्हातारं घुबड तिला पाठीवर घेऊन ती शोधायला निघतं.

“घुबड माणसाला पाठीवर घेतं म्हणे! कोण छापतं हे असलं?” काकूने नाक मुरडलं. तरी बसली वाचायला, स्वल्पविरामांसकट. परिच्छेद संपला आणि काकांचं बोट खाटेच्या लोखंडी पट्टीवर वाजलं. टक्. काकू ढसाढसा रडली. माणूस आत जागा होता.

हळूहळू त्या घुबडाने तिला पुरतं नादी लावलं. मी दारात पाऊल टाकते न टाकते तोच, “अगं, ती पोर मिठाच्या डोंगरात अडकलीय!” तिचे डोळे असे चमकताना मी कधी पाहिले नव्हते. मला बरं वाटलं. कसलं मेलं बरं!

एका दुपारी तो डोंगर कोसळायला लागला. मी तिथेच भाजी निवडत होते. काकूचे स्वल्पविराम गळाले, आवाज चढला, पानं भराभर उलटली. मीही हातातली शेंग तशीच धरून ऐकत राहिले. घुबडाने मुलीला अलगद उचललं. “सुटली गं बाई!” म्हणत काकूने हसून काकांकडे पाहिलं.

बोट हलत नव्हतं. कधीपासून, ते आम्हा दोघींनाही सांगता येईना.

काका अजून आहेत. भरवलं की गिळतात. डॉक्टरांनी हात टेकलेत. “तुझ्या वाचण्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही,” मी सतरांदा सांगून थकले. ती रोज शेवटचं टक् आठवतं तो परिच्छेद काढते, सपाट आवाजात वाचते आणि थांबते.

परवा मला राहवेना. म्हटलं, “काकू, शेवट सांगू का? माझ्या मुलीला पाठ आहे.”

“नको,” काकांच्या बोटावरची नजर न काढता ती म्हणाली, “ह्यांचं जुळायचंय अजून.”