सरदार
शाईचा वास आला की माझं शाळेत नाव घातलं तो दिवस आठवतो. वांकिडीकडच्या आमच्या गावात बाबा पाटलांच्या शेतात मजुरी करायचे. हेडमास्तरांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा खुर्चीवर बसलेले पाटीलच आधी बोलले, "सरद्या लिवा." सगळं गाव बाबांना तशीच हाक मारायचं. दाराशी उभ्या बाबांनी हात जोडले. "सरदार लिवा, गुरुजी. मोठ्या लोकाइचा किताब हाये तो, म्हणून माह्या मायनं मुद्दाम ठेवला. माय म्हणे, हाक मारताना तरी लोकाइच्या तोंडून मान निंगन." पाटील हसले, "काऊन, गाव म्हणते ते चालत नाही का?" बाबांनी जोडलेले हात सोडले नाहीत. "गावानं मोडलं जी. पोरीच्या कागदावर नोका मोडू." हेडमास्तरांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पाटलांनी कामाला बोलावणं बंद केलं. बाबा दोन वर्षं दूरच्या गावी चालत मजुरीला गेले. आज कचेरीत कोणी माझं पूर्ण नाव पुकारलं, की माझ्या नावामागून बाबांचं येतं, आणि ते म्हणून होईपर्यंत मी बसून राहते.