हात न लावता उठायचं

मला बसून राहणं जमत नाही. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवताना दिवसभर उभं राहायची सवय, आणि त्या दिवशी दवाखान्यात पोराशेजारी बाकावर बसलो होतो. पाय काही केल्या थांबेनात. "पप्पा, बाक हालतोय," पोरगं म्हणालं. हालणारच ना बाबा!

आठ वर्षांचं पोर, आणि स्नायू झिजत जाण्याचा आजार. नवीन औषध ज्या मुलांवर करून बघणार होते, त्यांच्यात त्याला घ्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. मुख्य अट एकच, जमिनीवरून कुणाचाही हात न धरता उठता आलं पाहिजे. मला त्याची चिंताच नव्हती. घरी रोज उठतो की! सकाळी निघताना आजीच्या पाया पडला, तेव्हाही उठलाच होता.

तपासणारी मुलगी गुजराती होती, हातात स्टॉपवॉच. तिने त्याला आधी चालवलं, मग पायऱ्या चढवल्या. तो कठडा धरून चढला, मी मागे मागे. "भाई, आप बैठो ना," ती म्हणाली. कसला बसतोय मी!

मग त्याला सतरंजीवर उताणं झोपवलं. "चलो बेटा, खड़े हो जाओ." तो कुशीवर वळला, पालथा झाला, हात गुडघ्यावर टेकवला आणि उभा राहिला. मी खूश होऊन तिच्याकडे पाहिलं, तर तिने घड्याळ बंद केलेलं.

"भाई, हाथ नहीं लगाने का. ये नहीं गिनेंगे."

"मी कुठे हात लावला?" मी खेकसलोच. खाली पाहिलं, तर माझा हात त्याच्या दंडाखाली.

आमच्यात पाया पडणाऱ्याला कुणी वाकलेलं ठेवत नाही. डोकं टेकलं की दंडाला धरून उठवायचं आणि म्हणायचं, 'सुखी ऱ्हाय, मना राजा,' सुखी राहा, माझ्या राजा. सकाळी माझ्या आईनेही तेच केलं होतं. जेवणावरून उठताना त्याला बायको धरते, अंथरुणावरून उठताना मी. पोरगं कधीपासून एकट्याने उठलंच नव्हतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"एक बार और," ती म्हणाली. मी दोन्ही हात काखेत दाबून भिंतीला टेकलो.

तो वळला, पालथा झाला, हात मांड्यांवर रोवले. तोंड लालबुंद. ऊठ रे राजा, ऊठ! हात घसरला आणि तो खाली बसला. परत जोर लावला, परत बसला. मग त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मी जागचा हाललो नाही.

"पप्पा, रागावले का माझ्यावर?"

त्या मुलीने घड्याळ खिशात टाकलं. "अब उठा लो, भाई," ती हळूच म्हणाली.

मी त्याला दंडाला धरून उठवलं. दुसरं काही सुचेना, तोंडातून आईचेच शब्द निघाले, "सुखी ऱ्हाय, मना राजा."