परवान्यापुरतं मरण

टाचवाले माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नाहीत. दुकानात कुणी शिरलं की नजर थेट पायांवर. "उजवीकडे झुकून चालताय, टाच झिजली असणार," असं सांगून मोकळे! खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नाही. आखूड पाय, वाकडे घोटे, बधिर तळवे, असल्या पायांचे बूट ते करतात, आणि या धंद्यात पडले ते ताईमुळे. मोठ्या बहिणीचा एक पाय जन्मापासून आखूड. शाळेत पोरं तिला चिडवायची, आणि हे धाकटे बंधू मारामाऱ्या करून शर्ट फाडून घरी यायचे. पुढे मारामाऱ्या सोडल्या आणि बूट करायला शिकले. ताईच्या पायात आजवर दुसऱ्या कुणाच्या हातचा बूट चढलेला नाही.

लाकूड तासून हातानं पायांचे साचे करण्याचे दिवस बोटांबरोबर गेले. सांधे सुजले, पटाशी धरवेना. मग साचा कोरणारं यंत्र आलं आणि त्याला हुकूम सोडणारं सॉफ्टवेअर. पायाचं चित्र पडद्यावर घ्यायचं, इथे फुगवायचं, तिथे दाबायचं, की यंत्र घरघर करत साचा कोरून देणार. टाचवाल्यांना ते मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला बोला.

पण कॉम्प्युटर रांगायला लागला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं तो पार पुसून काढला, सगळं नव्यानं भरलं आणि "नवा कोरा केलाय बघा, काका" म्हणून आणून ठेवला. पायांच्या फायली पेन ड्राइव्हवर सुखरूप होत्या. टाचवाल्यांनी सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, खरेदीच्या वेळी मिळालेला परवान्याचा लांबलचक आकडा चष्मा पुसून पुसून घातला, आणि पडद्यावर पाटी झळकली: आपली दोन संगणकांची मर्यादा संपली आहे.

दोन? दुकानात उभ्या जन्मात एकच कॉम्प्युटर! मध्यंतरी त्याची डिस्क बदलली, तेव्हा कंपनीनं तो दुसरा धरला होता. आता पुसला, म्हणून तिसरा. पुसण्याआधी परवाना सोडवून घ्यायचा असतो, हे ना दुरुस्तीवाल्याला ठाऊक, ना यांना.

आणि नेमका त्याच आठवड्यात ताईचा बूट तळातून उकलला. चिकटवला, दोन पावलांत परत तोंड वासलं. नवा बूट म्हणजे नवा साचा, आणि यंत्र तर अडून बसलेलं. ताई एकटी राहते, दोन गल्ल्या सोडून. बूट नाही म्हणजे भिंत धरून खाट ते मोरी, मोरी ते खाट.

टाचवाल्यांनी कंपनीला फोन लावला. गाणं ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा एक गोड आवाज आला.

"जुन्या संगणकावर जाऊन 'परवाना सोडा' हे बटण दाबा, सर."

"जुना म्हणजे हाच."

"हा नाही सर, आधीचा."

"अहो, आधीचा म्हणजेच हा! पुसलाय फक्त."

"त्यावर आमचं सॉफ्टवेअर चालू असायला हवं, सर."

"ते चालू असतं तर तुमच्याशी बोलायची हौस होती का मला?"

"आपली अडचण आम्ही समजू शकतो, सर."

काय डोंबल समजता! टाचवाल्यांनी पावतीचा फोटो पाठवला, यंत्राचा पाठवला, कॉम्प्युटरचा मागून पुढून पाठवला. उत्तर एकच: आपल्या विनंतीचा विचार सुरू आहे. रोज तेच वाक्य, तोच गोडवा. किळस आली त्यांना. शिळ्या भाताला वास यावा तसा त्या 'सर'ला वास यायला लागला.

कंपनीच्या वेबसाइटवर अडचणींचे पर्याय होते. प्रत्येकापुढे 'विलंब लागू शकतो'. फक्त शेवटच्यापुढे 'तातडीची मदत', आणि फोनचा वेगळा नंबर. तो पर्याय होता: परवानाधारकाचे निधन.

टाचवाले बायकोला म्हणाले, "अगं, तू लाव फोन. सांग, मी गेलो."

या बाईच्या घरात बॅटरी 'मेली' म्हणायची सोय नाही, 'संपली' म्हणायचं. ती कडाडली, "जीभ आवरा! एका बुटापायी असलं अभद्र बोलता?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. "मोरीत जरा घसरले रे. काही नाही, कोपर खरचटलंय. तू घाई करू नकोस." "ताई मोरीत पडली," टाचवाले बायकोला म्हणाले. बायकोनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तो नंबर लावला.

"माझे यजमान," ती म्हणाली आणि थांबली. "माझे यजमान वारले."

"कधी, मॅडम?"

हे काही तिनं ठरवलं नव्हतं. तिनं समोर बघितलं. टाचवाले स्टुलावर बसले होते, मांडीवर ताईचा फाटका बूट, शर्टाला चिकटवायच्या सोल्यूशनचे डाग.

"आत्ताच," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. नाटकातलं नव्हे, हमसून हमसून, खरं. टाचवाले उठून जवळ गेले, तर तिनं हातानंच लांब ढकललं.

पलीकडच्यानं संवेदना कळवल्या, आणि तिचं नाक पुसून होईतो परवाना तिच्या नावावर झाला होता. मृत्यूचा दाखला सवडीनं पाठवा म्हणाले. जिवंत माणसाकडे फोटोमागून फोटो मागणाऱ्यांनी मेलेल्यावर लगेच विश्वास ठेवला! शी! थुंकावं असल्या कारभारावर.

सॉफ्टवेअर उघडलं. वर बायकोच्या नावानं 'आपले स्वागत आहे'. खाली ताईचा पाय, होता तसा. यंत्र घरघरलं.

बूट पायात चढवून ताई खाटेपासून दारापर्यंत गेली, भिंतीला हात न लावता परत आली. "झकास जमलाय," ती म्हणाली. मग भावाकडे बघून हसली. "तुझं काय रे? मेल्यासारखा काय बसलायस?"

बरोबर आलेली बायको पाणी आणते म्हणून आत गेली. टाचवाले मागोमाग गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"झालं ना आता काम," ते म्हणाले. "सोड की राग."

"परवाना माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला कॉम्प्युटर पुसलात, तर मरायची पाळी माझी. फोन तुम्ही लावायचा."