ओटाहुहुची सेंटर

आमचा संघ सलग दोन वर्षं शेवटचा आला होता, तेव्हा त्याची सूत्रं माझ्या हातात आली. चांगला चाललेला संघ कोण कशाला देईल? मी वेलिंग्टनमधल्या एका कंपनीत डेटाचं काम करते, जॉन्सनव्हिलला राहते, आणि शनिवार-रविवारी या बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाला सामन्यांची टिपणं काढून देत असे. खेळाडू निवडणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि बोर्डाने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. पुण्यात मी बरीच वर्षं खेळले होते, उंची पाच फूट तीन इंच. उंच माणसांना जे वरून दिसत नाही ते मला खालून नीट दिसतं, असा माझा पहिल्यापासून समज आहे आणि तो कोणी अजून खोडून काढलेला नाही.

बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा शेवटचे आलो तर संघ बंद." त्या गोड हसून बोलल्या, पण बोलल्या ते खरंच होतं. बारा खेळाडू, कोच, फिजिओ, सगळ्यांचं पुढचं वर्ष त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

शेवटचं असण्याचा एकच फायदा असतो. लीगमध्ये नव्याने येऊ पाहणाऱ्या खेळाडूंची यादी लागते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्यातली पहिली निवड शेवटच्या संघाला मिळते. सगळ्यांना वाटत होतं, आम्ही अमेरिकेतल्या कॉलेजातून परतलेली उंच, भरपूर गुण करणारी मुलगी घेणार. आमच्या कोचने तर तिच्या जर्सीचा नंबरही ठरवून ठेवला होता. मी मात्र महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघत बसले होते आणि गुण सोडून भलतंच मोजत होते. कोणाचे पास जमिनीवर पडतात? आमच्या शेजारच्या पोरिरुआ गावच्या एका मुलीचे सगळ्यात जास्त पडत होते. ती तिथल्या स्विमिंग पूलच्या काउंटरवर काम करायची आणि स्थानिक संघातून खेळायची. कागदावर तिच्या नावापुढे नुसत्या चुका दिसत. पण नीट पाहिलं की कळायचं, पास अगदी जागेवर जातोय, घेणारीचं लक्षच नाहीये. ती सगळ्यांच्या एक क्षण पुढे होती.

मी तिला घेतलं. कोचने डोक्याला हात लावला.

"ठीक आहे," तो म्हणाला, "पण तिचे पास आपल्याकडे तरी कोण झेलणार?"

हा प्रश्न बिनतोड होता. मला राग आला. मग मी फ्री एजंटांच्या यादीला हात घातला. फ्री एजंट म्हणजे जिचा करार संपलाय आणि जी कुठल्याही संघाशी बोलणी करायला मोकळी आहे. वरची नावं आमच्या ऐपतीबाहेरची होती. अगदी तळाला एक सेंटर होती, म्हणजे बास्केटजवळ उभी राहून खेळणारी उंच खेळाडू, एकतीस वर्षांची, सहा फूट तीन. मूल झाल्यापासून दोन वर्षं कोर्टवर उतरली नव्हती. तिच्या जुन्या व्हिडिओत मी तिचे हात पाहिले. चेहरा एकीकडे, धावणं दुसरीकडे, आणि चेंडू मात्र येऊन हातात बसायचा. मला दुसरं कोणी बघायची गरज उरली नाही.

ती ऑकलंडला, ओटाहुहुमध्ये आईकडे राहत होती. मी एका शनिवारी पहाटेचं विमान पकडलं आणि बस, ट्रेन करत साडेदहाला तिच्या दारात उभी राहिले. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत तिच्या आईने दार उघडलं. पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांचं सामोअन घर, दाराशी चपलांचा ढीग, भिंतीवर तिच्या शाळेपासूनच्या ट्रॉफ्या. माझ्यासमोर चहा आला आणि नारळाच्या दुधात भाजलेल्या गरम पावांचं भलंमोठं ताट आलं. पोटात विमानातलं एक बिस्किट होतं. वास असा की जीव कासावीस झाला.

मी म्हटलं, "नको, नको, मी खाऊन आलेय."

आता आपल्याकडे यापुढे काय होतं ते सांगायला नको. "असं कसं? एक तरी घ्या." मग आपण "अहो, खरंच नको" म्हणायचं. मग ते वाढणार, आपण ताटावर हात आडवा धरणार, आणि शेवटी तीन खाणार. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत बसले. तिच्या आईने ताट उचललं आणि आत नेलं. ते परत बाहेर आलंच नाही.

मी तासभर बोलले. आकडे दाखवले, पोरिरुआच्या मुलीचे पास दाखवले. सेंटर मुलाला मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान वाटलं तुम्ही आलात ते. पण नाही जमणार."

घरी परतले तेव्हा माझी आई भाजी निवडत बसली होती. ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि संघाच्या प्रत्येक बाबतीत तिला मत होतं.

"अगं, पहिल्या नाहीला काय अर्थ असतो?" ती म्हणाली. "परत विचार. माणसाला आग्रह लागतो."

मला तरी कुठे वेगळं वाटत होतं? मी मंगळवारी फोन केला. ती नाही म्हणाली. गुरुवारी केला. पुन्हा नाही, जरा तुटक. पुढच्या सोमवारी बोर्डाकडून तिच्यासाठी पगार थोडा वाढवून घेतला आणि मोठ्या उत्साहाने पुन्हा फोन केला.

मग ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही माझ्या आईच्या घरात नाही म्हणालात. आम्ही विश्वास ठेवला. आई पाचला उठली होती त्या पावांसाठी, तरी तिने ताट नेलं. आता मी नाही म्हणतेय, तीन वेळा, तर तुमचा विश्वास बसत नाही. माझं नाही तुमच्या नाहीपेक्षा हलकं आहे का?"

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तिथेच पायरीवर बसले. मला इतकी लाज क्वचित वाटली आहे. मी हुशार आहे, हे मी सगळ्यांना सांगत फिरते, आणि पावाच्या एका ताटाने मला उघडं पाडलं होतं.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "मला प्रचंड भूक लागली होती. आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात. दोनदा म्हणतात. समोरच्याने परत विचारायचं असतं."

"आणि त्याने विचारलं नाही तर?"

"तर उपाशी राहायचं."

ती मोठ्याने हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "आईची माफी फोनवर नका मागू. रविवारी चर्चनंतर जेवायला या. आणि संघाचा विषय काढायचा नाही."

मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं. कोच म्हणाला, वेळ वाया घालवतेयस, दुसरी बघ. मी म्हटलं, मी जेवायला चाललेय. त्या रविवारी तिच्या आईने तारो, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, शेवयांसारखं चॉप सुई, जे जे वाढलं ते मी खाल्लं. तोंडातून एकदाही 'नको' काढलं नाही. माफी मागितली तेव्हा आईंनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अजून वाढलं. संघाबद्दल मी चकार शब्द काढला नाही, हे माझ्या ओळखीच्या कोणाला खरं वाटणार नाही.

विषय तिनेच काढला. मुलगा तिच्या पायाशी लोळत होता. "तुमच्याकडे पुन्हा पुन्हा विचारायचं कसं जमतं?" तिने विचारलं. "समोरच्याला खरंच नको असेल तर?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले. जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा पुण्यातल्या आमच्या क्लबची कॅप्टन घरी आली होती. येतेस का परत, तिने विचारलं. मला जायचं होतं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात होतं. पण धाप लागायची, वजन वाढलेलं, आणि वाटायचं, या आता दया म्हणून घेतील. मी म्हटलं, नको गं, आता कुठे जमतंय. ती बरं म्हणाली, बाळाच्या हातात खाऊ ठेवला आणि गेली. मी महिनाभर तिच्या फोनची वाट पाहिली. तो आला नाही. मी पुन्हा खेळले नाही. तिची काही चूक नव्हती. मी नाही म्हणाले होते.

बोलता बोलता मला रडू आलं. ठरवून आलं नव्हतं, आणि सामोअन आजीच्या जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नको होतं.

सेंटर मुलाच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग हळू म्हणाली, "मला उडी मारता येत नाही आता. मागच्या महिन्यात शाळेच्या मैदानावर जाऊन पाहिलं. कोणाला सांगितलं नाही."

"मला उडी नकोय," मी म्हटलं. "मला हात हवेत."

तिने तिच्या आईकडे पाहिलं. आई ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या आणि त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलल्या. मला कळले नाहीत, मी विचारलेही नाहीत.

"आज विचारलंत तर," सेंटर म्हणाली, "मी फोनवर नाही म्हणाले होते ते धरू नका."

मी विचारलं. ती हो म्हणाली.

एप्रिलमध्ये ती मुलाला आणि आईला घेऊन वेलिंग्टनला आली. पहिले तीन सामने आम्ही हरलो. ती पहिल्या दहा मिनिटांत लालबुंद व्हायची, आणि कोच माझ्याकडे बघणं टाळायचा. चौथ्या सामन्यात पोरिरुआच्या मुलीने मान न वळवता पास फेकला. तो सेंटरच्या हातात जाऊन बसला. बाकावरच्या बायका उभ्या राहिल्या. बास्केट पडायच्या आधीच उभ्या राहिल्या होत्या. तिथून पुढे आम्ही हरलोही, पण कोणाचे पास जमिनीवर पडले नाहीत.

आम्ही शेवटून दुसरे आलो. दगडापेक्षा वीट मऊ. मी ऑफिसात पेढे वाटले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, जिंकलात का. नाही, मी म्हटलं, पुढच्या वर्षी आहोत.